ब्रँडेड बोर्ड, बाजारी कॅबिनेट

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या किंवा धुळ्यातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न वरचेवर येतो. डेल, एचपी किंवा लेनोव्होचा जुना, कुठल्याशा कंपनीच्या कार्यालयातून सुटलेला डेस्कटॉप असतो. आतला बोर्ड ठणठणीत असतो, पण एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी डबी, गेलेला असतो, डबा गंजलेला असतो, नाहीतर त्या अरुंद डब्यात ग्राफिक्स कार्ड मावत नसते. मग बोर्ड उचलून बाजारातल्या साध्या कॅबिनेटमध्ये टाकता येईल का? 'बसून जाईल, भाऊ' असे एक दुकानदार म्हणतो. दुसरा म्हणतो, 'ब्रँडेडच्या भानगडीत पडू नका.' दोघेही आपापल्या अनुभवाने बरोबर असतात, आणि म्हणूनच गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो. काही ब्रँडेड बोर्ड तासाभरात नव्या कॅबिनेटमध्ये सुरू होतात. काहींवर होणारा खर्च दुसऱ्या बोर्डाच्या किमतीपुढे जातो. काही तर मुळात बसूच शकत नाहीत.

फरक कुठे पडतो हे समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बोर्ड कॅबिनेटला फक्त स्क्रूने बांधलेला नसतो. स्क्रू, वीज, पुढच्या पॅनलचे संकेत आणि वारा अशा चार ठिकाणी त्याची आणि डब्याची गाठ असते. सुट्या विक्रीचा बोर्ड या चारही ठिकाणी ठरलेल्या मापाचा असतो. ब्रँडेड बोर्ड एखाद्या ठिकाणी, कधी चारही ठिकाणी, कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. लोक पहिली गाठ बघतात, म्हणजे भोके जुळतात का ते. निर्णय मात्र विजेवर आणि वाऱ्यावर होतो, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात वाऱ्याचे वजन आणखी वाढते.

हे डेस्कटॉप इथवर आले कसे

खानदेशातल्या तालुक्यातालुक्यात संगणक पोचला तो प्रामुख्याने २००१ नंतर. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्याच वर्षी सुरू झाला. शासकीय नोकरीच्या आशेने मुले-मुली त्याला गेली आणि गावोगाव केंद्रे निघाली. त्या काळातली यंत्रे बहुतांशी 'असेंबल्ड' असत, म्हणजे बोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसरीचे आणि एसएमपीएस त्या कॅबिनेटसोबत आलेला. यात कुठलाही भाग बिघडला तरी संध्याकाळपर्यंत दुसरा लागत असे. एचसीएल, विप्रो, झेनिथ हे देशी ब्रँडही होते. पण त्यांच्या डब्यातला बोर्ड साधारणपणे बाजारातल्या मापाचाच असल्याने दुरुस्तीवाल्याला ते परके वाटत नसत. २०१३ च्या सुमारास एचसीएल आणि विप्रो दोघांनीही स्वतःच्या नावाचे डेस्कटॉप बनवणे बंद केले.

पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटले. मुंबई-पुण्यातल्या कंपन्या आणि बँका तीन-चार वर्षे वापरून डेस्कटॉप बदलतात, आणि ते 'रिफर्बिश्ड' म्हणून जिल्ह्याच्या गावी येतात. आपले सरकार सेवा केंद्रे, सातबारा आणि दाखल्यांचे अर्ज भरून देणारी दुकाने, जिनिंगची कार्यालये, खासगी शिकवण्या, बांभोरी-शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे त्याचे गिऱ्हाईक. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. त्यामुळे चौथ्या ते सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे मोठ्या कार्यालयांना नकोशी झाली आहेत. ती इकडे येणार आणि इकडेच दुरुस्त होणार. म्हणून कॅबिनेटचा प्रश्न आता हौशी मुलांपुरता उरलेला नाही.

माप ठरले कसे, मोडले का

आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-एटी आणला आणि त्याच्या बोर्डाचे माप बाजाराने उचलले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप जाहीर केले: ३०५ × २४४ मिलिमीटर, भोकांच्या जागा ठरलेल्या, मागच्या जोडण्यांसाठी ठरलेली आयताकृती खिडकी, विजेसाठी एकच मोठा कनेक्टर. १९९७ मध्ये त्याचे छोटे भावंड मायक्रो-एटीएक्स आले, २४४ × २४४ मिलिमीटरचे. आज दुकानात मिळणारे जवळपास प्रत्येक मध्यम कॅबिनेट या दोन्ही मापांचे बोर्ड घेते. बाजारातले कॅबिनेट आणि बाजारातला बोर्ड कधीही एकमेकांना न भेटता जुळतात ते या तीस वर्षांपूर्वीच्या करारामुळे.

ब्रँडेड कंपन्यांनी हा करार का मोडला? 'गिऱ्हाइकाला अडकवून ठेवायला' हे उत्तर लगेच तोंडावर येते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे, कारण सुटा भाग फक्त आपल्याकडेच मिळावा हे कुठल्या कंपनीला नको असते? पण कारणे आणखीही आहेत. कार्यालयाला टेबलावर कमी जागा खाणारे यंत्र हवे असते. कारखान्यात जुळणीचा प्रत्येक सेकंद मोजला जातो, म्हणून स्क्रू कमी आणि खटके जास्त. एकाच पंख्यात प्रोसेसर आणि डबा दोन्ही थंड झाले तर पैसे वाचतात, आवाजही कमी होतो. विजेच्या बचतीचे निकष कडक होत गेले, तेव्हा एसएमपीएसने फक्त १२ व्होल्ट द्यावेत आणि बाकीचे व्होल्टेज बोर्डाने स्वतः तयार करावे ही मांडणी फायद्याची ठरली. पुढे २०२० मध्ये इंटेलने हीच कल्पना एटीएक्स१२व्हीओ नावाने, १० पिनांच्या कनेक्टरसह, सर्वांसाठीचे प्रमाण म्हणून पुढे ठेवली. ज्याला आपण ब्रँडचा हट्ट म्हणत होतो, त्यातला काही भाग म्हणजे पुढच्या प्रमाणाची आधीच झालेली चाचणी होती.

दुसरी काही वळणे मात्र वाया गेली. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ फार तापू लागला, तेव्हा इंटेलने बीटीएक्स हे माप आणले. पुढून हवा ओढायची, ती थेट प्रोसेसरवरून न्यायची, आणि त्यासाठी बोर्डाची मांडणी आरशात पाहावी तशी उलटी करायची. २००६ मध्ये इंटेलने स्वतःच ते सोडून दिले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७४५, ७५५ सारख्या यंत्रांत मात्र ते राहिले, आणि ही यंत्रे अजूनही कुठल्या शाळेच्या खोलीत दिसतात. तो बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, कारण साध्या कॅबिनेटची उघडी बाजू आणि कार्डांच्या खाचा विरुद्ध अंगाला पडतात. इथे जुगाड चालत नाही, तेव्हा प्रयत्नच करू नये.

पहिली गाठ: स्क्रू आणि मागची खिडकी

टॉवर प्रकारच्या यंत्रातला बोर्ड बाहेर काढून साध्या मायक्रो-एटीएक्स बोर्डाशेजारी ठेवला की बरेच कळते. कार्डांच्या खाचा मागच्या कडेला, एकमेकींपासून २०.३२ मिलिमीटरवर आहेत का? मागच्या जोडण्या एका कोपऱ्यात सलग आहेत का? निदान चार-पाच भोके जुळतात का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर बोर्ड बसेल. एखादे भोक जुळले नाही तर तिथे प्लॅस्टिकचा आधार देता येतो.

चूक होते ती पितळी स्टडांबाबत. नव्या कॅबिनेटमध्ये आधीच लावलेला एखादा स्टड बोर्डाच्या भोकाखाली न येता सोल्डरच्या टोकांना टेकला, तर सुरू करताक्षणी शॉर्ट होतो आणि 'ब्रँडेड बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये डेड होतो' अशी अफवा दुकानभर पसरते. बोर्डाची भोके मोजावीत, तेवढेच आणि त्याच जागी स्टड ठेवावेत, बाकीचे काढून टाकावेत. बोर्डाचे अर्थिंगही याच स्क्रूंमधून होते, म्हणून रंगाचा जाड थर असलेल्या जागी धातूला धातू लागतो आहे ना, हे बघावे.

मागची खिडकी हा त्रास छोटा, पण हटकून येणारा. सुट्या बोर्डासोबत जोडण्यांची पत्र्याची पट्टी येते आणि ती १५८.७५ × ४४.४५ मिलिमीटरच्या खिडकीत बसते. ब्रँडेड यंत्रात ही पट्टी बहुधा डब्याच्या पत्र्यातच कोरलेली असते, म्हणजे बोर्डासोबत ती येत नाही. खिडकी उघडी ठेवली तर धूळ, झुरळे आणि पालीची पिल्ले यांना मोकळी वाट मिळते. जुन्या डब्याचा तेवढा भाग कापून नव्याला लावणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. खानदेशात त्यासाठी फार हिंडावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीर दोन्ही शहरांत आहेत, आणि त्यांच्या हातच्या कात्रीला हे काम किरकोळ आहे.

सर्वांत फसवी जागा हीटसिंकची. अनेक डेल आणि एचपी यंत्रांत हीटसिंकचे चार स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट डब्याच्या पत्र्यात बसतात. बोर्ड बाहेर काढला की त्या स्क्रूंना पकडायला काही उरत नाही. अशा वेळी बोर्डाच्या मागे नट आणि फायबरचे वॉशर लावून किंवा मागची पट्टी बसवून पकड तयार करावी लागते. भोकांमधले अंतर मोजले तर आणखी एक वाट दिसते. इंटेलच्या ११५५, ११५० आणि ११५१ सॉकेटांसाठी ते ७५ मिलिमीटर असते. बोर्डावर तेवढे असेल तर बाजारातला साधा पंखेवाला कूलर थेट लागतो, आणि बहुतेक वेळा तोच लावणे शहाणपणाचे.

दुसरी गाठ: वीज

इथे पिना मोजाव्या लागतात. प्रमाण एसएमपीएसचा मोठा कनेक्टर २४ पिनांचा, त्याहून जुना २० पिनांचा. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरची ऑप्टिप्लेक्स ७०१० किंवा एचपीची कॉम्पॅक एलिट ८३०० यांच्या बोर्डावर २४ पिनाच आहेत. चौथ्या पिढीच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२० आणि ९०२० वर मुख्य कनेक्टर ८ पिनांचा झाला. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ आणि प्रोडेस्क ६०० जी१ वर तो ६ पिनांचा आहे. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९२पी आणि एम९३पी या मोठ्या डब्यांत १४ पिनांचा. ७०१० आणि ७०२० या नावांत दहाचाच फरक, पण एकाला कुठलाही एसएमपीएस चालतो आणि दुसऱ्याला नाही. म्हणून नावावर भरवसा ठेवू नये, डबा उघडून बघावे.

या प्रत्येकासाठी २४ पिनांवरून कमी पिनांवर नेणारी कन्व्हर्टर केबल ऑनलाइन सहज मिळते. तिच्या आत काय चालते हे माहीत असले की चांगली-वाईट ओळखता येते. प्रमाण एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे तिन्ही देतो. कमी पिनांचा ब्रँडेड बोर्ड फक्त १२ घेतो आणि बाकीचे स्वतः बनवतो. म्हणून हार्ड डिस्कची वीजही या यंत्रांत एसएमपीएसमधून न येता बोर्डावरून निघते. गुंतागुंत होते ती यंत्र बंद असतानाच्या विजेत. प्रमाण एसएमपीएस तेव्हा जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट देतो, तर काही ब्रँडेड बोर्डांना त्या अवस्थेतही १२ च्या आसपास लागतात. चांगल्या केबलमध्ये हे ५ चे १२ करणारे छोटे सर्किट असते. नुसत्या तारा जोडलेली केबल अशा बोर्डाला लावली तर बटण दाबूनही काही होत नाही, आणि दोष विनाकारण बोर्डावर येतो.

तारांचे रंग पाहून स्वतः जोडणी करण्याचा मोह टाळावा. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, काळी शून्य, हिरवी सुरू करण्याचा संकेत, करडी 'वीज ठीक आहे' हे सांगणारी, ही भाषा प्रमाण एसएमपीएसची आहे. ब्रँडेड एसएमपीएसने ती पाळलीच असेल याची खात्री नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या काही यंत्रांत कनेक्टर दिसायला हुबेहूब प्रमाण २० पिनांचा होता, पण आतली मांडणी वेगळी होती. साधा एसएमपीएस नीट बसे, आणि सुरू करताच बोर्ड किंवा एसएमपीएस जळे. तेव्हापासूनचा धडा असा की कनेक्टर बसला म्हणजे जुळला असे नाही. पिनांवर मल्टिमीटर लावून खात्री करावी. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर खुल्या आहेत, आणि भागांचे क्रमांक व बोर्डाचा नकाशा त्यात मिळतो. त्या वाचण्याची सवय आपल्याकडे अजून कमी आहे.

आणखी एक मुद्दा बाजारी एसएमपीएसच्या दर्जाचा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या डबीवर '४५०' असा मोठा आकडा असतो. तो सोडून लेबलवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचावेत. तिथे १४ लिहिले असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. एवढीच कमी पिनांच्या बोर्डाच्या कामाची वीज, कारण हा बोर्ड जे घेतो ते १२ व्होल्टवरच. ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरसोबत आलेला मूळ एसएमपीएस २९० वॅटचा, आणि त्याची जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर. म्हणजे ४५० च्या डबीने २९० ची जागा घेतली तरी यंत्र कमजोर होऊ शकते. कोअर आय५-४५९० हा प्रोसेसर ८४ वॅटचा आणि खाचेतून वीज घेणारे ग्राफिक्स कार्ड जास्तीत जास्त ७५ वॅटचे. बेरीज केली की ओढाताण कुठे होईल ते दिसते. मूळ एसएमपीएस चालू असेल आणि नव्या कॅबिनेटमध्ये मावत असेल, तर तोच नेणे सर्वांत चांगले.

कॅबिनेटला हात लावला की 'करंट मारतो' ही तक्रारही इथलीच. एसएमपीएसच्या आत शिरलेल्या विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे डब्यावर मुंग्या येण्याइतके व्होल्टेज उभे राहते. हा कॅबिनेटचा दोष नव्हे, भिंतीतल्या तिसऱ्या तारेचा आहे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत ती तार कित्येकदा नसतेच. बोर्ड बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

तिसरी गाठ: बटण, दिवे आणि एफ१

बाजारातल्या कॅबिनेटच्या पुढच्या पॅनलच्या तारा सुट्या, दोन-दोन पिनांच्या येतात. सुट्या बोर्डावर त्यांची मांडणी जवळपास सगळीकडे सारखी असते. ब्रँडेड बोर्डावर मात्र बटण, दिवे, कधी ऑडिओ आणि यूएसबीही एकाच रुंद कनेक्टरमध्ये असतात, आणि पिनांचा क्रम कंपनीचा. सुरू करण्याच्या दोन पिना शोधल्या की निम्मे काम होते. त्या पुस्तिकेत सापडतात, नाहीतर मूळ बटणाच्या तारेचा माग काढून कळतात. म्हणून जुन्या डब्याचे बटण आणि केबल कधीही फेकू नये. ते बटण नव्या कॅबिनेटच्या आत नेऊन बसवणे हा अनेकदा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग असतो.

यानंतर यंत्र सुरू होते, पण पडद्यावर संदेश येऊन थांबते आणि एफ१ दाबण्याची वाट बघते. आपल्या डब्यातले भाग जागेवर आहेत का, हे ब्रँडेड बोर्ड तपासतो. एचपीमध्ये ५१२ म्हणजे डब्याचा पंखा सापडला नाही, ९१२ म्हणजे झाकण काढले गेले होते, ९१८ म्हणजे पुढचा यूएसबी जोडलेला नाही. डेलही पुढच्या पॅनलच्या केबलबद्दल आणि पंख्याबद्दल असाच इशारा देते. डेलच्या पंख्याचा कनेक्टर अनेकदा पाच पिनांचा असतो. बाजारातला चार पिनांचा पंखा त्याला जोडायला क्रम बदलणारी छोटी तार लागते.

घरी वापरणाऱ्याला रोज एकदा एफ१ दाबणे हे संकट नाही. पण हेच यंत्र सीसीटीव्हीसाठी किंवा हजेरीच्या यंत्रासाठी लावले असेल तर गोष्ट वेगळी. भारनियमनानंतर वीज परत आली की ते आपोआप उठले पाहिजे. एफ१ वर अडकले तर रात्रभराचे चित्रण जाते. असे काम असेल तर पंखा आणि केबल यांचे समाधान होईपर्यंत बदल पुरा झाला असे मानू नये. काही इशारे बायोसमधून बंद होतात, काही होत नाहीत.

चौथी गाठ: वारा

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि धुळेही फार मागे नसते. पंखा काहीही करो, त्याने फिरवलेली हवा खोलीपेक्षा थंड होत नाही. समजा एखादा प्रोसेसर कामात असताना खोलीच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. खोली २५ अंशांची असेल तर तो ७० वर राहील. खोली ४५ ची असेल तर ९० वर. इंटेलच्या त्या पिढीचे प्रोसेसर १०० च्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात. मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात चार वर्षे गुमान चाललेले यंत्र जळगावला आल्यावर दुपारी 'स्लो' होते, त्यामागे व्हायरसपेक्षा हे गणित असण्याची शक्यता जास्त.

ब्रँडेड डब्यात वाऱ्याची वाट आखलेली असते. पुढचा एकच पंखा हवा ओढतो, प्लॅस्टिकचे बोगद्यासारखे आवरण ती हीटसिंकवर नेते आणि मागून गरम हवा बाहेर पडते. काही यंत्रांत हीटसिंकवर स्वतंत्र पंखा नसतोच. असा बोर्ड आवरण मागे ठेवून नव्या कॅबिनेटमध्ये आणला तर हीटसिंकला हवाच मिळत नाही. शिवाय अनेक स्वस्त कॅबिनेटमध्ये पंखा लावायची जागा असते, पंखा नसतो. कॅबिनेट मोठे, म्हणून यंत्र थंड, असे समीकरण नाही. नव्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवर स्वतःचा पंखा, पुढे आत ओढणारा एक आणि मागे बाहेर फेकणारा एक, एवढे तरी हवे. हे नीट केले तर मोठे कॅबिनेट खरोखरच मूळ डब्यापेक्षा सरस ठरते, आणि कॅबिनेट बदलण्याचे खानदेशातले सर्वांत पटणारे कारण हेच.

धुळीचे प्रकारही इथले खास आहेत. जिनिंगच्या कार्यालयात सरकीपासून सुटलेले कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर धरतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटई आणि पाइपांच्या कारखान्यांतली प्लॅस्टिकची भुकटी वेगळी. अशा ठिकाणी पुढच्या जाळीवर काढून धुता येणारे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे, आणि हंगामात दर पंधरवड्याला ब्लोअर मारावा. ब्रँडेड डब्यांना सहसा असे फिल्टर नसतात, कारण ते स्वच्छ कार्यालयांसाठी बनवलेले असतात.

कूलरबद्दलही सांगायला हवे. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली बऱ्यापैकी उतरवतो आणि त्याचा यंत्राला फायदाच होतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. ओलसर हवेत धूळ चिकटते, बारीक तुषारांसोबत जड पाण्यातले क्षार येतात आणि स्वस्त पत्रा कडांपासून गंजू लागतो.

कागदाची बाजू

या बदलात एक मोठी जमेची बाजू आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. विंडोज ८ पासून ब्रँडेड यंत्राची परवाना-किल्ली बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते, आणि विंडोज १० चा डिजिटल परवानाही मुख्यतः बोर्डावरूनच यंत्र ओळखतो. त्यामुळे कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क बदलली तरी बोर्ड तोच असेल तर परवाना टिकतो. उलट बोर्ड टाकून नवा घेतला की जुना परवाना गेला. कायदेशीर विंडोजवर चालायलाच हवे अशा सेवा केंद्राला हा फरक पैशात मोजता येतो.

शाळा आणि शासकीय कार्यालयांत मात्र कॅबिनेट बदलणे वाटते तितके साधे नाही. डेडस्टॉक रजिस्टरमधला क्रमांक रंगाने लिहिलेला असतो तो डब्यावर, आणि अनुक्रमांकाचा स्टिकरही तिथेच. डबा गेला की तपासणीत वस्तू 'सापडत नाही'. बोर्डाच्या बायोसमध्ये अनुक्रमांक असतो, पण लेखापरीक्षक बायोस उघडत नाही. दुरुस्तीआधी लेखी मान्यता घ्यावी, जुन्या डब्याचे निर्लेखन होईपर्यंत तो जपावा आणि नव्या कॅबिनेटवर क्रमांक पुन्हा लिहून रजिस्टरमध्ये शेरा मारावा.

उरलेला पत्रा आणि जळका एसएमपीएस हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहक-संस्थांनी तो नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा असतो. सूक्ष्म उद्योग या नियमांतून वगळले आहेत, त्यामुळे छोट्या दुकानावर ही सक्ती येत नाही. भंगारवाल्याला पत्रा देणे ठीक. एसएमपीएस आणि सर्किट जाळून तांबे काढायला देणे हे मात्र नियमाबाहेरच्यानेही करू नये. दुरुस्तीच्या हक्काचे केंद्र शासनाचे पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी आणणे हा त्याचा हेतू. पण पिनांच्या बाबतीत प्रमाण पाळा, अशी सक्ती अजून कुठल्याच नियमाने केलेली नाही.

करावे काय

वरच्या चार गाठी लावून पाहिल्या की यंत्रांचे तीन गट पडतात.

पहिला गट टॉवर आकाराचा, मायक्रो-एटीएक्सशी जुळणारा बोर्ड आणि २४ पिनांची वीज असलेला. इथे बदल बिनधास्त करावा. पुढच्या पॅनलच्या तारा आणि मागची खिडकी एवढेच काम.

दुसरा गट कमी पिनांच्या वीजवाल्या टॉवरचा. इथे आधी मूळ एसएमपीएस जुना पण चालू मिळतो का, ते पाहावे. मिळाला तर मूळ डबाच पुन्हा उभा करणे स्वस्त. ग्राफिक्स कार्डासाठीच खटाटोप असेल तर कमी उंचीचे, वेगळी वीज न मागणारे कार्ड घेतले की डबा बदलायची गरजच राहत नाही. दोन्ही जमले नाही तर चांगली कन्व्हर्टर केबल, १२ व्होल्टवर भरवशाची ताकद देणारा एसएमपीएस आणि नवा कूलर असा तिहेरी खर्च मांडून बघावा. तो एच८१ चिपसेटच्या सुट्या बोर्डाच्या किमतीपुढे जात असेल तर त्याच प्रोसेसर आणि रॅमसाठी सुटा बोर्ड घेणे बरे. विंडोजचा परवाना मात्र हिशेबात धरावा, आणि अशा स्वस्त सुट्या बोर्डांची वॉरंटी कोण देतो तेही विचारावे.

तिसऱ्या गटात बीटीएक्स बोर्ड, उभे कार्ड आडवे करणाऱ्या राइझरवर चालणारे पातळ डबे, हातात मावणारी टायनी आणि मायक्रो यंत्रे, आणि स्क्रीनमागे बोर्ड असलेली ऑल-इन-वन. टायनी-मायक्रो यंत्रांना आणि काही ऑल-इन-वनना वीजही लॅपटॉपसारख्या १९-२० व्होल्टच्या अडॅप्टरची लागते. हा गट आहे त्या डब्यात वापरावा किंवा भाग काढून विकावा.

या सगळ्यात एकच खर्च असा आहे जो खानदेशातले गिऱ्हाईक द्यायला तयार नसते, तो म्हणजे पाहणीचा. डबा उघडून पिना मोजणे, भोकांचे अंतर घेणे, एसएमपीएसचे लेबल वाचणे आणि पुस्तिका शोधणे याला तासभर लागतो. हे काम 'जरा बघून द्या ना भाऊ' म्हणत फुकट व्हावे अशी अपेक्षा असल्याने दुकानदार अंदाजाने उत्तर देतो. 'बसून जाईल' आणि 'भानगडीत पडू नका' ही दोन्ही उत्तरे त्या फुकट अंदाजातून निघतात. पाहणीचे वेगळे पैसे घेऊन, कुठल्या गाठी जुळतात आणि कुठल्या नाहीत हे कागदावर लिहून देणारे दुकान गिऱ्हाइकाला महाग वाटेल, पण जळालेल्या बोर्डाची आणि वाया गेलेल्या कॅबिनेटची किंमत पाहता तेच स्वस्त पडते.